पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला

साहेबांनी आयुष्यात कधी कुत्रा पाळला नव्हता. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि कुत्रा शिकवायची आपली पात्रता म्हणूनच सांगितलं. "कुत्रेवाले कुत्र्याकडे बघतात," ते म्हणाले. "मी जोडाकडे बघतो. दोष नेहमी जोडात असतो."

अंबरनाथ पूर्वेला आमच्या सोसायटीत साहेब आणि काकू तिसऱ्या मजल्यावर राहायचे, मी आणि आई पहिल्यावर. साहेबांची सगळी नोकरी कारखान्यात तपासणी खात्यात गेली. तिथे बनलेली वस्तू त्यांच्या टेबलावर यायची आणि पास किंवा नापास होऊन पुढे सरकायची. निवृत्तीनंतर टेबल गेलं, पण पास-नापास काही गेलं नाही. खिशात एक पोलादी कडी असायची, उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या लेथवाल्याकडून मुद्दाम करून घेतलेली. लग्नाच्या पंगतीत पानात लाडू पडला की साहेब आधी तो कडीतून घालून बघायचे. गेला तर पास. अडकला तर वाढप्याला परत बोलावून "हा मोठा आहे" असं गंभीरपणे सांगायचे. लाडू मोठा असल्याची तक्रार त्या बिचाऱ्याने कधी ऐकलेली नसायची. तो गोंधळून आणखी एक वाढायचा.

संध्याकाळी गॅलरीत उभं राहून ते शिवमंदिराच्या रस्त्याने फिरायला निघालेली जोडपी तपासत. "तो टपरीकडे बघतोय, ती साड्यांच्या दुकानाकडे. जोड सैल आहे." किंवा, "हा जोड गंजलाय, पण धरून आहे." स्वतःच्या जोडाविषयी मात्र अवाक्षर काढत नसत. काकूंचं चालणं म्हणजे वादळ. बाजारात त्या पुढे आणि साहेब कायम मागे, हातात पिशवी घेऊन. काकू म्हणायच्या, "लग्न झाल्यावर हे मला चालायला शिकवणार होते. बाईमाणसाने कसं बरोबरीने, सावकाश चालावं ते. अजून मागेच आहेत."

माझ्या कुत्र्याचं नाव पापड. कॅम्प चारला रेक्झिनच्या बॅगा शिवणारे एक सिंधी शेठ आहेत. त्यांच्याकडे मी बॅगेची चेन बदलायला गेले होते. शेठनी त्यांच्या रीतीप्रमाणे आधी पापड आणि पाणी पुढे ठेवलं. मी पाणी पितेय तोवर मशीनखालून एक पिल्लू आलं आणि माझ्या हातातला पापड खाऊन माझ्याच पायावर बसलं. शेठ म्हणाले, "बस साईं, अब ये आपका. जिसके हाथ से पापड खाया, उसका हो गया." पापड मुळात त्यांचाच होता, हे मला रिक्षात बसल्यावर सुचलं. तोपर्यंत पिल्लू माझ्या ओढणीत झोपलं होतं.

वर्षभरात त्याचा चांगला दांडगा कुत्रा झाला. फिरायला मी त्याला नेत नसे, तो मला नेई. भाजीवाल्या मला बघून टोपल्या मागे घ्यायच्या. हेही चाललं असतं. पण उन्हाळ्यात सोसायटीचा सत्यनारायण झाला, आणि मी मूर्खासारखी त्याचा पट्टा एका रिकाम्या प्लॅस्टिकच्या खुर्चीला बांधून तीर्थ घ्यायला गेले. त्या खुर्चीवर खजिनदार येऊन बसले. आरती सुरू झाली, झांजा वाजल्या, आणि पापड निघाला. पाठोपाठ खुर्ची निघाली. खजिनदारांना उतरता आलं असतं, पण हातात प्रसादाचा द्रोण होता आणि तो सांडू नये याकडे त्यांचं सगळं लक्ष. सुरू झालेली आरती मध्येच कशी थांबवणार? त्यामुळे सगळे टाळ्या वाजवत, आरती म्हणत, त्यांच्याकडे नुसते बघत राहिले. खजिनदार पाण्याच्या टाकीपर्यंत गेले. प्रसाद सांडला नाही, हे त्यांचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे.

कमिटीने ठरवलं ते असं. गणपतीच्या आधीच्या सभेत कुत्र्याने गेटपासून टाकीपर्यंत आणि परत, पट्ट्याला बांधून शांतपणे चालून दाखवायचं. नाही जमलं तर कुत्रा सोसायटीत राहणार नाही.

चामटोली गावचा माझा मामा त्याला न्यायला एका पायावर तयार होता. "कुत्र्याला काय चालाया शिकवतंस गो? खुट्याला बांधाचा, भाकर टाकाची, झाला." मामा वाईट माणूस नाही. पण त्याच्या आधीच्या कुत्र्याचा खुंटा मी पाहिला होता. साखळी पोचेल तिथपर्यंत त्या कुत्र्याने फिरून फिरून जमीन तासली होती, खुंट्याभोवती एक बोडका गोल झाला होता. कुत्रा म्हातारा होऊन मेला तरी त्या गोलात गवत उगवलं नव्हतं. पापडला मला तिथे पाठवायचं नव्हतं. बाकी जगात काहीही झालं तरी चालणार होतं.

बदलापूरहून एक शिकवणारा बोलावला. त्याच्या गळ्यात शिट्टी होती. पहिल्या दिवशी पापडने त्याला वडापावच्या गाडीपर्यंत नेलं, दुसऱ्या दिवशी गाडीच्या पलीकडे. मग तो आलाच नाही.

तेव्हा साहेब आले. हातात कात्री होती आणि ते दाराबाहेरच उभे राहिले. "पट्टा दे," म्हणाले. मी दिला. त्यांनी तो मधोमध कापला. मी ओरडेपर्यंत खिशातून काकूंचं पांढऱ्या दोऱ्याचं रीळ काढलं आणि दोन्ही तुकडे एकेरी दोऱ्याने जोडले. "आता हा पट्टा झाला."

"मग आधी काय होता?"

"आधी लपवाछपवी होती. कोण किती ओढतंय ते कळतच नव्हतं. आता जो ओढेल त्याचं पितळ उघडं पडेल."

मी पापडला हाक मारली तशी साहेब दोन पावलं मागे सरकले. "थांब, थांब. कुत्रा नाही लावायचा. दोरा तुटला तर तो थेट कल्याणला पोचेल. मला लाव. मी कुठे पळून जात नाही. आधी तू पास हो, मग कुत्रा."

मी काकूंकडे गेले. साहेबांना असं बांधून फिरवणं बरं दिसेल का, असं विचारलं. काकू शेंगा मोडत होत्या. "घेऊन जा गं," त्या म्हणाल्या. "घरात नुसत्या येरझाऱ्या घालतात."

कमरेला बांधायला रुंद पट्टा हवा म्हणून आम्ही शेठकडे गेलो. शेठनी पापड-पाणी पुढे केलं आणि टेप काढली. "कुत्ते का साइज़ बोलो साईं."

"मेरा ही ले लो," साहेब हात वर करून उभे राहिले.

शेठनी धंद्यात बरंच काही पाहिलं असावं. त्यांनी शांतपणे कंबर मोजली आणि एवढंच विचारलं, "खींचते हो क्या?"

"नहीं."

"फिर नरम बनाता हूँ."

रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी मी साहेबांना फिरवू लागले. गेट ते टाकी, टाकी ते गेट. पापड गेटच्या ग्रिलला बांधलेला असे आणि कान उभे करून आमच्याकडे बघत असे. साहेबांनी कुत्र्याचं काम मनापासून केलं. दोन पावलं नीट चालत आणि मग एकदम दूधवाल्याच्या सायकलकडे झेप घेत. कधी स्कूटरच्या चाकापाशी थांबून विचारात पडत. कधी भररस्त्यात खाली बसत आणि उठत नसत. मी वैतागून ओढलं की दोरा तुटे. "नापास," साहेब खालूनच म्हणत.

"मग मी करू तरी काय?"

"तो ओढेल तेव्हा तू झाड हो. झाड रागावत नाही, ओरडत नाही, आणि जातही नाही. त्याने मागे वळून बघितलं की मग चाल."

ड्यूटीवर असताना ते माणसांशी बोलत नसत. दूधवाला "नमस्कार साहेब" म्हणाला तर नुसती मान वळवून त्याच्याकडे बघत, आणि दूधवाला सायकल जरा लांबून घेई. आमचा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर फिरला. त्याखाली कोणीतरी विचारलं होतं, "चावतात का?" आईने कपाळाला हात लावला. "मी तुझ्यासाठी स्थळं बघतेय, आणि तू सकाळच्या पारी शेजारच्यांना फिरवतेस. विचारलं कुणी तर काय सांगू?"

"सांग, शांत आहेत. ओढत नाहीत."

पुढची पायरी म्हणजे गर्दीची चाचणी. साहेबांनी त्यासाठी दिवस निवडला तो वटपौर्णिमेचा. तो कोणता दिवस आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. गेटबाहेरच्या वडाशी गर्दी असते, एवढंच त्यांनी काकूंकडून ऐकलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा नटलेल्या बायका हातात दोऱ्याची रिळं घेऊन वडाला फेऱ्या घालत होत्या. मागच्यांनी पुढे लोटलं आणि मी फेऱ्यांच्या रांगेत शिरले. पाठोपाठ साहेब शिरले. मी थांबले असते तर दोरा तुटला असता, म्हणून थांबले नाही. कुणीतरी ओरडलं, "अगं बाई, दोरा तुटू देऊ नका!" ते त्यांच्या दोऱ्याबद्दल होतं. साहेबांना ते आपल्या दोऱ्याबद्दल वाटलं. "अजिबात तुटता कामा नये!" तेही ओरडले. वडाभोवती इतकं एकमत मी कधी पाहिलेलं नाही.

फेरीमागून फेरी बायका साहेबांच्या बाहेरून दोरा गुंडाळत गेल्या, आणि ते आतल्या आत खोडाला टेकले. मी खाली वाकून सुटले. ते सुटले नाहीत. पूजा पुरी व्हायच्या आत दोरा तोडायचा कसा? बायकांनी आपसात विचार केला आणि पूजा तशीच चालू ठेवली. वडाला वाहिलेलं हळदकुंकू थोडं साहेबांना लागलं. एकीने सवयीने त्यांच्या पायाशी आंबे ठेवले. साहेब झाडासारखे उभे होते. रागावले नाहीत, ओरडले नाहीत, आणि जाणं तर शक्यच नव्हतं.

शेवटी काकू आल्या. ताट खाली ठेवून त्यांनी खालपासून वरपर्यंत बघितलं. "मी आले होते पुढचे सात जन्म मागायला," त्या म्हणाल्या. "इथे हाच जन्म झाडाला बांधलेला." मग त्यांनी साहेबांसकट वडाला नमस्कार केला आणि घरी निघून गेल्या, नेहमीच्या वेगाने.

सुटल्यावर साहेबांनी पहिलं काय केलं असेल, तर आमचा पट्टा तपासला. मधला दोरा शाबूत होता. "तू पास," ते म्हणाले. त्यांच्या नाकावर कुंकू होतं. मला इतका आनंद पदवीच्या वेळीही झाला नव्हता.

आता कुत्र्याची पाळी होती. पण साहेबांचं गुडघ्याचं दुखणं निघालं. मग बदलापूरला कुणाकडे तरी जाणं निघालं. मी पापडला घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले की ते जाळीच्या दाराआडून सूचना देत. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की इतक्या दिवसांत त्यांनी पापडला एकदाही हात लावलेला नाही. मी काकूंना विचारलं.

"अगं, घाबरतात ते," काकू म्हणाल्या. "जिन्यात मांजर बसलेलं असलं तर खालीच थांबतात. मी आले की माझ्यामागून वर येतात."

"मग हे सगळं कशासाठी केलं?"

"खुर्चीचा प्रकार झाला त्या दिवशी तू जिन्यात बसून रडत होतीस ना? हे तुझी समजूत काढायला खाली येत होते. पण तुझ्या शेजारी तो बसलेला. अर्ध्या जिन्यातून परत आले. मग तो शिट्टीवाला यायचा थांबला, तसे माझं रीळ घेऊन गेले."

 मला रडूच आलं, पण काकूंनी हातात शेंगा दिल्या.

सभेचा दिवस रविवार होता. कंपाउंडमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. खजिनदार उभे राहिले. मामा टेम्पो घेऊनच आला होता आणि हातात सुतळी गुंडाळत होता. तो ओढत नाही हे सगळ्यांना दिसावं म्हणून मी पापडच्या गळपट्ट्याला दोऱ्याचा पट्टा लावला. माझ्याबरोबर तो हल्ली बराच बरा चालायचा, पण त्याची नजर सारखी कुणाला तरी शोधत असे. त्या दिवशी गेटपाशी उभा राहून त्याने तिसऱ्या मजल्याकडे बघितलं. मग टाकीकडे बघितलं. आणि मग जिन्याकडे झेप घेतली. दोरा तुटला.

मी झाड झाले. दुसरं काय येत होतं मला? पापड जिन्याच्या तोंडाशी थांबला, वळला आणि शेपटी हलवत परत आला. पण दोरा तुटलेला सगळ्यांनी पाहिला होता.

"झालं मग," खजिनदार म्हणाले. मामा टेम्पोचा मागचा फाळका खाली पाडायला गेला. माझ्या डोळ्यांसमोर तो बोडका गोल आला.

तेवढ्यात साहेब जिन्यातून उतरले. शेठनी शिवलेला नरम पट्टा त्यांच्या कमरेला होता. चेहरा चुन्यासारखा पांढरा. त्यांनी खजिनदारांना सांगितलं, "चाचणी चुकीची झाली. जोड अर्धाच होता." आणि आपल्या पट्ट्याचं टोक माझ्या उजव्या हातात दिलं. सभेतून उठून काकूंनी दोन्ही पट्ट्यांना नवा दोरा बांधला. कुणी काही म्हणायच्या आत आम्ही निघालो. मी आणि माझ्या पुढ्यात ते दोघं, एकमेकांना लागून.

पापडने साहेबांच्या पायजम्याचा वास घेतला आणि पाऊल जुळवलं. आठवडेच्या आठवडे ग्रिलपाशी बसून त्याने हेच तर बघितलं होतं. पट्ट्याला बांधलेला माणूस कसा चालतो, तसंच चालायचं असतं अशी त्याची समजूत झाली होती.

"तो माझ्याकडे बघतोय का?" साहेबांनी ओठ न हलवता विचारलं.

"नाही," मी म्हणाले. पापड टक लावून त्यांच्याकडेच बघत होता.

"खोटं बोलतेयस. बोलत राहा."

गेटबाहेर रिक्षावाल्याने कर्कश हॉर्न दिला. दोघंही दचकले, पण ओढलं कोणीच नाही. टाकीपासून आम्ही वळलो. साहेबांच्या शर्टाची पाठ घामाने भिजली होती. गेटपाशी रोजच्यासारखी मी थांबले, आणि रोजच्या सवयीने साहेब खाली बसले. पापडही बसला. 

काकू पुढे आल्या, दोन्ही दोरे बोटांनी चाचपले. "पास," म्हणाल्या.

खजिनदारांचं समाधान झालं नव्हतं. "पण साहेब काय रोज कुत्र्याबरोबर येणार आहेत?"

साहेबांनी पहिल्यांदाच मान वळवून पापडकडे सरळ बघितलं.  "येणार," ते म्हणाले.

मामा फाळका धरून उभाच होता. "मंग मी टेम्पोत घालू कोनाला?"

आणि साहेब आले. रोज, सकाळ-संध्याकाळ. शिवमंदिराच्या रस्त्याने मी, पापड आणि साहेब. रस्त्यावर पापडला अख्खा पट्टा आणि साहेबांना त्यांचा दोऱ्याचा. लोक आधी हसले, मग सवयीचं झालं, मग एखाद्या दिवशी साहेब नसले तर विचारू लागले. त्यांची भीती काही गेली नाही. पापडने जांभई दिली तरी ते माझ्या पलीकडच्या बाजूला जात. पण एकदा नदीकाठी थांबलो असताना त्यांनी खिशातली कडी काढली, बराच वेळ धीर गोळा केला आणि ती पापडच्या नाकाला लावली. नाक कडीत गेलं आणि पापडने कडी चाटली. "पास," साहेब म्हणाले आणि हात पायजम्याला पुसला. घरी पोचेपर्यंत ते आपला हात मधून मधून बघत होते.

साहेबांना जाऊन आता वर्ष होईल. साध्या तापाचं निमित्त झालं. पापड गेटबाहेर पडायचा बंद झाला. मी ओढलं नाही, झाड होऊन उभी राहिले. तो जिन्याकडे बघत बसून राहायचा आणि शेवटी आम्ही दोघं घरात परत यायचो. असं बरेच दिवस गेले. मग एका संध्याकाळी काकू खाली आल्या. त्यांच्या हातात साहेबांचा नरम पट्टा होता, दोऱ्याच्या जोडासकट. त्यांनी तो पापडला हुंगू दिला, त्याचं टोक आपल्या हातात धरलं आणि पट्टा तसाच मागे लोळत सोडून गेटबाहेर पडल्या. पापड उठला आणि त्या रिकाम्या पट्ट्याच्या बाजूने चालू लागला.

आता रोज असंच जातो आम्ही. माझ्या हातात पापड, काकूंच्या हातात रिकामा पट्टा. काल नाक्यावर एका नव्या रिक्षावाल्याने हाक मारली. "ओ काकी, पट्टा खाली लोळतोय. दुसरा पळाला काय?"

"पळतायत कुठले," काकू म्हणाल्या. "मागे आहेत."

आणि त्यांनी खाली बघितलं, दोरा ताणला तर जात नाही ना ते पाहिलं, आणि आपलं पाऊल आणखी सावकाश केलं.